हत्यार जमा

रोज सकाळी आमच्या दारात फौज येते. म्हणजे एकटे सुभेदार आबाच येतात, पण थाट फौजेचा. टाचा जुळवतात, छाती काढतात आणि मोबाईल दोन्ही हातांवर आडवा धरून म्हणतात, "हत्यार जमा करून घ्या, हवालदार!"

हवालदार म्हणजे मी. तासगावात ब्लाउज शिवते. पण शेजारी सुभेदार असला की बढती आपोआप मिळते. त्यांच्या पलटणीत म्हणे काम झालं की बंदुका कोतात, म्हणजे शस्त्रांच्या खोलीत, जमा करायची शिस्त होती. आबांच्या मोबाईलचा कोत म्हणजे माझ्या शिलाई मशीनचा खण. दिवेलागणीला सुटका. दिवसभरात एकदाही मागितला नाही, तर बक्षीस म्हणून मूठभर बेदाणे, तेही त्यांच्याच डब्यातले. डबाही माझ्याकडेच ठेवलेला, कारण "माजा माज्यावर भरोसा न्हाई."

हे खूळ डोक्यात भरवलं त्यांच्या नातीनं. त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून आबा घरात एकटे. मुलगा-सून पुण्यात. नात गार्गी दुसरीत. मोबाईल समोर असल्याशिवाय ती घास गिळेना, तेव्हा सून म्हणाली, "आबा, तुम्हीच समजवा, तुमचं ऐकते ती." आबांनी फोनवर समजावलं. तर गार्गी म्हणाली, "तुम्ही पण दिवसभर फोनवरच असता! आधी तुम्ही सोडा."

झालं, करार ठरला. दोघांनीही दिवसभर फोन जमा करायचा आणि शिस्त पाळली, तर रविवारी संध्याकाळी व्हिडिओवर पोटभर गप्पा. खरं बक्षीस हे. बेदाणे आपले मधल्या वेळचे.

आता माणूस कराराला पक्का असला, तरी हात कुठे ऐकतोय? एका दुपारी आले, "शोभा, जरा बटण लावून दे गं." लावलं. दुसऱ्या दिवशी दुसरं बटण. मी टाके घालेपर्यंत आबांची नजर खणावर. पुढच्या खेपेला मी सदरा उलटून बघितला, तर दोरा ओढून तोडलेला!

"आवं आबा, चांगली बटणं उपटताय व्हय?"

"न्हाई गं, कापडच लय हलकं हाय."

"खण उघडणार न्हाई हां मी. बेदाणे बुडतील!"

"कोन उघड म्हनतंय? सुकरूप हाय का बघतोय, एवडंच."

सगळी आळी हसायची. मीही हसायचे. पण तो खण दिवसभर माझ्या गुडघ्याशी, त्यामुळे एक गोष्ट माझ्या एकटीच्याच लक्षात आली. तो फोन कधी वाजायचाच नाही. मग हा माणूस आधी दिवसभर त्यात बघायचा तरी काय? एकदा विचारलंच.

"सुनंच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसायचं," आबा म्हणाले. "वाटायचं, आता फोन करतील."



रविवार मात्र आबांचा सण. दाढी घोटून, परीटघडीचा सदरा घालून हजर. फोन घेऊन घरी जायचाही दम नसायचा, माझ्या पायरीवरच बसायचे. "जेवलीस का गं? दात दाव बघू, आला का नवा?" पहिल्या रविवारी तर इतकं बोलले, की बॅटरी संपली. पुढं पुढं मात्र गप्पा आटत गेल्या. "आबा, मला खाली बोलावतायत." "आबा, नंतर सांगते हां." आणि फोन बंद.

मग परवाचा रविवार. फोन सुनेनं घेतला. आबा आवाज मोठा ठेवतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. बिचारी आनंदात होती. "आबा, गार्गी खाली खेळतीये. तुमच्यामुळे हो! फोनकडे आता ढुंकूनसुद्धा बघत नाही. बोलावू का?"

आबा ताठ बसले. "नको, नको. खेळू दे. शिस्त मोडायची न्हाई."

फोन ठेवला. मला असा राग आला! "आवं, बोलवायचं व्हतं की! आठवडाभर बटणं कशापायी उपटत बसलाय मग?"

"पोरगी जिंकली, शोभा," आबा म्हणाले. "लय भारी जिंकली." आणि सदऱ्याचं वरचं बटण पिळायला लागले.

मी बेदाण्यांचा डबा पुढं केला. त्यांनी मूठ भरली आणि परत डब्यात ओतली. "तिला ठेव. सुट्टीत आली तर." मी तोंड फिरवून उगाच मशीनला तेल घालायला लागले.

तेवढ्यात मागं टाचा वाजल्या. बघते तर आबा उभे, मोबाईल दोन्ही हातांवर आडवा.

"आवं आबा, दिवे लागले. आता सुटका की. न्या घरी."

"असू दे तुज्यापाशीच. घरात लय गप बसतोय त्यो." चप्पल घालून दोन पायऱ्या उतरले, थांबले. "वाजला तर हाक मार गं. मी ओट्यावरच हाय."