पिल्बीमची रांग

"वॅडलो गावचा दगड न् दगड माझ्याशी बोलतो!" ह्यूबर्ट पिल्बीमनं सकाळीच छाती फुगवून जाहीर केलं.

"दगडच बोलणार! माणसं तर तुला बघून रस्ता बदलतात," बायको डॉरिस म्हणाली.

पिल्बीमनं दुर्लक्ष केलं. आज गावचा अधिकृत वाटाड्या निवडला जाणार होता. लाल कोट, पितळी बिल्ला! निवडणार होत्या समितीच्या क्रास्कबाई, आणि त्या कोटापायी पिल्बीमची झोप उडाली होती.

बाजाराचा दिवस. पिल्बीमनं लीड्सहून आलेले चार पाहुणे गाठले आणि गॉसलिंगआजींच्या वाकड्या घरापाशी नेले. गल्लीतून बटाट्यांची गाडी जायची होती, म्हणून त्यानं चौघांना भिंतीलगत एकामागे एक उभं केलं. "हलू नका! घंटाघराची किल्ली घेऊन आलोच!"

किल्लीवाला म्हातारा चहा पाजल्याशिवाय किल्ली देईना. इकडे एका बाईला भिंतीलगत चार माणसं ओळीनं दिसली. ती गुपचूप पाचवी उभी राहिली. तिला पाहून पाद्री, पाद्र्याला पाहून पोलीस. रांग दिसली की उभं राहायचं, हा इंग्रज लोकांचा कुळाचार! आणि कशाची रांग, हे विचारायचं नाही. चांभारचौकशा शोभत नाहीत!

पिल्बीम परतला तेव्हा रांग चीजच्या दुकानांना वळसा घालून पुलापलीकडे गेली होती. तो पुढं धावला.

"ओ काका! मागून या!"

"अहो, पुढची माणसं माझी आहेत!"

"आमची काय वाऱ्यावर आहेत?"

"पण रांग कशाची, ठाऊक तरी आहे का?"

"नाही. पण एवढी लांब आहे म्हणजे काहीतरी झकासच असणार!"

तिथं चोर म्हटलेलं माणूस पचवेल, पण रांग मोडणारा? शिव शिव! पिल्बीम मुकाट पुलापलीकडे गेला आणि टॅपस्कॉट गवळ्याच्या गाईमागं उभा राहिला. गाईसुद्धा कशी शिस्तीत!

तिकडे दूध आत घ्यायला दार उघडलेल्या गॉसलिंगआजींना वाटलं, एवढी माणसं आलीत तर चहा विचारायला हवा. त्या चौघाचौघांना आत घेऊन चहा, केक आणि खापरपणजोबांच्या गोष्टी वाढू लागल्या. बातमी रांगेतून मागं सरकली. निघताना "आत चहा आहे" होती. चर्चपाशी "आत राणीचा पलंग आहे" झाली. पुलावर पोचेपर्यंत पलंगावर राणीही होती! खुद्द पिल्बीमलाच उत्सुकता लागली.

दुपार कलली तेव्हा तो दारापाशी पोचला. आतून क्रास्कबाई ओठांवरचे केकचे कण पुसत बाहेर आल्या.

"पिल्बीम! इतिहासासाठी एवढी गर्दी मी जन्मात पाहिली नाही! कुणी जमवली हो?"

"मी!" पिल्बीम गरजला. "ही सबंध रांग माझी!"

"काय थापा मारतोस रे!" टॅपस्कॉट उसळला. "सगळ्यांत शेवटी, माझ्या गाईच्या शेपटीमागं उभा होतास की!"

अख्ख्या रांगेनं माना डोलावल्या. केक खाऊन दारापाशीच रेंगाळलेल्या पोलिसानं तर साक्ष द्यायला टोपी काढली.

"मग प्रश्नच मिटला," क्रास्कबाई म्हणाल्या. "लाल कोट गॉसलिंगआजींचा!"

पिल्बीमचा चेहरा शिळ्या पावासारखा झाला. तोच आतून आजींची हाक आली, "पुढचे चौघे या! आणि तुम्ही हो, यायचं नसेल तर दार अडवू नका!"

पिल्बीमनं घराच्या वाटेकडे पाहिलं, मग दाराकडे. आणि पाय पुसून आत शिरला. एवढा वेळ रांगेत उभं राहिल्यावर नंबर कोण सोडतो हो!