‘केवळ’ या एका शब्दापायी

पाथरवटाने शेवटच्या ओळीचा पूर्णविराम कोरला, फुंकर मारून पांढरी भुकटी उडवली आणि चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात दारातून आवाज आला, “हा ‘केवळ’ कुणी सांगितला तुम्हाला?”

दारात मास्तर उभे होते. तीस वर्षं शाळेत व्याकरण आणि जोडीला इतिहास शिकवलेला माणूस. दुसऱ्याचा मजकूर ते आधी चुका शोधत वाचत आणि मग अर्थ लावत. त्यांच्या आईला जाऊन रविवारी वर्ष होत होतं आणि त्या दिवशी तिच्या कबरीवर हा दगड बसायचा होता. दगडावर आईचं नाव होतं, जन्माचं आणि मृत्यूचं साल होतं आणि खाली एक ओळ होती : ‘ती केवळ विश्वासाने तारली गेली.’

“तुमच्या बहिणीनं फोनवर सांगितलं,” पाथरवट म्हणाला. “दोनदा म्हणाल्या. ‘केवळ’ विसरू नका, बाकी काही विसरलात तरी चालेल.”

“तिचा नवरा त्यांच्या चर्चचा पाळक आहे. त्यांच्या मंडळीत सगळा जोर त्या ‘केवळ’वरच असतो. पण आमची आई आमच्या जुन्या चर्चची. रोज सकाळी प्रार्थनेला जायची आणि तिथून थेट कुणाच्या तरी घरी, आजाऱ्याला आंघोळ घालायला. अर्ध्या गल्लीची बाळंतपणं तिनं काढली. आणि तुम्ही लिहिताय केवळ विश्वास? मग ती जन्मभर राबली ते काय वेळ जात नव्हता म्हणून?”

“मी लिहीत नाही, मास्तर. मी कोरतो.”

“मग ‘केवळ’ काढा. आणि पुढे घाला, ‘आणि सत्कर्मांनी’.”

पाथरवटाने मोठा श्वास घेतला. “मास्तर, ही शाळेतली पाटी नाही. एक शब्द काढायचा तर सगळा दगड घासून खाली आणावा लागतो, नाहीतर तिथं खड्डा दिसतो. म्हणजे नाव पुन्हा, सालं पुन्हा, सगळंच पुन्हा.”

“अजून सहा दिवस आहेत,” मास्तर म्हणाले आणि निघून गेले.

पाथरवटाने दगड घासला. तीन इंचांचा दगड पावणेतीन इंचांचा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ‘ती विश्वासाने आणि सत्कर्मांनी तारली गेली’ असं सुबक अक्षरात उमटलं. संध्याकाळी मास्तरांची बहीण आली. हातातली पिशवी तिने दगडाच्या ढिगावर आपटली.

“दादा येऊन गेला ना? मला वाटलंच!”

“बाई, आता तुम्ही दोघं आपसात ठरवा आणि मला एकदाच—”

“सत्कर्मांनी! म्हणजे देवानं काय मोजपट्टी घेऊन बसायचं? एवढी बाळंतपणं काढली, बरं, ये आत?” बोलता बोलता तिचा आवाज एकदम खाली आला. ती तिथल्या अर्धवट घडलेल्या पायरीवर बसली. “तुम्हाला माहीत नाही. शेवटची दोन वर्षं आई अंथरुणाला खिळून होती. माझ्या घरी. तिला पाण्याचा पेलासुद्धा धरता यायचा नाही. रोज मला विचारायची, ‘बाळ, मी आता कुणाच्याच उपयोगाची नाही, मला देव कशाला घेईल?’ रोज मी तिला सांगायचे, आई, काही करावं लागत नाही, नुसता विश्वास ठेव, तेवढ्यानंच होतं. मग ती झोपायची. आणि आता मी दगडावर लिहू, की सत्कर्मंही लागतात? मग मी दोन वर्षं तिला खोटं सांगितलं का?”

 पाथरवट ग्राइंडरची वायर सोडवत बसला. मग म्हणाला, “पुन्हा ‘केवळ’ घालू?”

“घाला.”

दगड अडीच इंचांवर आला. बुधवारी मास्तरांनी तो पाहिला आणि सव्वादोन इंचांवर आणवला. आता पाथरवटाला आईचं नाव डोळे मिटून कोरता आलं असतं. रात्री जेवताना त्याची बायको म्हणाली, “अहो, बोटांनी ताटावर काय कोरताय?” तेव्हा त्याने ठरवलं की हे असं चालायचं नाही. त्याने दोन्ही घरी निरोप पाठवला : उद्या सकाळी सगळ्यांनी एकत्र या, घरातल्या मोठ्यांना घेऊन या. अजून दोनदा घासला तर दगड उभा राहणार नाही.

गुरुवारी सगळे आले. मास्तर आले, बहीण आली. त्यांचे वडील आले. निवृत्त घड्याळजी, कानाला मशीन लावलेले आणि दहा वाक्यांना एक उत्तर देणारे. आणि आईची धाकटी बहीण, म्हणजे या दोघांची मावशी, हीसुद्धा आली. मावशीने काही वर्षांपूर्वी तिसरंच चर्च धरलं होतं. तिथे माणसाला आख्खं पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देत.

मास्तर आणि बहीण यांनी जिथे सोडलं होतं तिथून सुरुवात केली. पंधरा मिनिटांत दोघांनी शास्त्रातले इतके अध्याय आणि इतकी वचनं एकमेकांच्या अंगावर टाकली की पाथरवट नुसता मान इकडून तिकडे वळवत राहिला. वडिलांनी हळूच कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं.

“तुम्ही दोघंही थांबा,” मावशी म्हणाली. “मुळात बाप्तिस्म्याचं काय? ताई तान्ही असताना तिच्या कपाळावर चार थेंब शिंपडले होते. त्याला काय अर्थ आहे? माणूस समजत्या वयात, पुरता बुडून वर यायला हवा. दगडावर बाप्तिस्मा लिहा.”

“पण मावशी, आई कधी बुडालीच नाही,” बहीण म्हणाली.

“बुडाली होती! मोठा पूर आला त्या वर्षी. आम्ही नावेत होतो, ताई तोल जाऊन पाण्यात पडली. डोक्यावरून पाणी गेलं. वर आली ती देवाचं नाव घेतच आली, मी माझ्या कानांनी ऐकलंय. झाला की बाप्तिस्मा!”

“मावशी, ती पाय घसरून पडली होती,” मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले. “आणि तू म्हणतेस समजतं वय. मोठ्या पुराचं साल मी दरवर्षी वर्गात पाठ करून घेतो. तेव्हा आई फक्त दहा वर्षांची होती.”

“दहा? अरे, पंधराची होती. शाळा सोडून वर्ष झालं होतं तिला.”

मास्तरांनी दगडावरच्या जन्मसालाकडे बघितलं. ओठ हलले, बोटं मोजू लागली. “नाही. दहा.”

मावशीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग तिने घाईघाईने पदर सारखा केला. “असेल बाबा. दहाची असेल. लहानपणचं कुठं धड आठवतं?”

एवढ्यात खॉं खॉं असा आवाज आला. सगळ्यांना वाटलं वडिलांना ठसका लागला. पण ते हसत होते. त्यांनी मशीन परत कानात घातलं होतं, कधी ते कुणाला कळलं नव्हतं.

“पंधराचीच होती,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होती ती. लग्नाच्या वेळी पाच वर्षं कमी करून सांगितली. मला आठवडाभरानं सांगितलं आणि शपथ घातली. पन्नास वर्षं पाळली मी.”

“बाबा!” बहीण ओरडली. “आई खोटं बोलली? पन्नास वर्षं?”

“निदान फादरांपुढे तरी कबूल केलं असेल,” मास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

“छे. शेवटी फादर कबुली ऐकायला आले, बोलता बोलता वय विचारलं. तेव्हाही तिनं पाच कमीच सांगितली.”

 मास्तरांनी दगडावरचा ‘सत्कर्मांनी’ हा शब्द पुन्हा वाचला. मग हळूच बहिणीला म्हणाले, “छकुले, हे माझ्याकडे बसत नाही गं. सत्कर्मांत कसंच बसत नाही. तुमच्याकडे बसतं का?”

“आमच्याकडे क्षमा आहे, दादा. विश्वास असला की झालं.”

“मग ‘केवळ’ घाल. माझी हरकत नाही. आई सुटली पाहिजे.”

बहिणीचे डोळे भरून आले. “नको, दादा. ती बाळंतपणं, ती आजारी माणसं, ते पण राहू दे ना. तू म्हणतोस तसंच घालू या.”

“अगं, मी सांगतोय ना, ‘केवळ’ घाल!”

“आणि मी सांगतेय, ‘सत्कर्मांनी’ घाल! तू कधी माझं ऐकणार आहेस का?”

“तुझंच तर ऐकतोय!”

दोघांचे आवाज आधीपेक्षाही चढले. पाथरवटाने हताश होऊन वडिलांकडे बघितलं. वडील उठले, दगडापाशी आले, त्याची कड दोन बोटांत धरून जाडी बघितली आणि विचारलं, “आणखी एकदा सोसेल?”

“एकदाच. त्यानंतर कागदच होईल त्याचा.”

“मग लिही, ‘ती तारली गेली.’”

“कशानं?”

“ते तारणाऱ्याला माहीत. आम्ही त्याला शिकवायला नको.”

 मग मास्तर व्याकरणाच्या सवयीने म्हणाले, “वाक्य पूर्ण आहे.” बहीण म्हणाली, “आणि खरंही आहे.” आणि वर्षभरात पहिल्यांदाच ती दोघं एकमेकांकडे बघून हसली.

“जन्मसालाचं काय करू?” पाथरवटाने विचारलं. “सगळं नव्यानंच कोरायचंय, तर खरं घालतो.”

“नको!” मावशी एवढ्या जोरात ओरडली की छिन्नी खाली पडली. “आहे तेच राहू दे! अरे, ताईनं पाच कमी केली तेव्हा मला धाकटं राहायचं तर मीही केलीच ना! आमच्या चर्चमध्ये, सोसायटीत, सगळीकडे तेच सांगितलंय!”

वडिलांनी मान डोलावली. “तेच राहू दे. मला अजून तिला तोंड दाखवायचंय.”

रविवारी दगड उभा राहिला. मास्तरांनी त्यांच्या पद्धतीने प्रार्थना केली, पाळक जावयाने त्याच्या पद्धतीने केली, आणि दोघांनीही एकमेकांच्या प्रार्थनेत एकदाही खाकरलं नाही. मावशी मात्र दगडापुढे वाकून एकेका आकड्यावरून बोट फिरवत होती. शेवटच्या आकड्यापर्यंत पोचल्यावर ती सरळ उभी राहिली, सुटकेचा निःश्वास टाकला आणि सगळ्यांच्या आधी, खणखणीत आवाजात म्हणाली, “आमेन!”