शून्य गळतीचं घर

उष्णता-बचत सप्ताहातलं व्याख्यान ऐकून मुद्रितशोधक घरी आले, तेव्हा त्यांचे वडील खिडकीजवळच्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि बायको दाराखालच्या फटीत जुनी सतरंजी कोंबत होती.

"इथून थंडी आत येतेय," ती म्हणाली.

"वाक्य चुकलं." जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढून त्यांचा स्वभावच तसा झाला होता. "थंडी कुठूनही येत नसते. ऊब बाहेर जाते. जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे."

"बरं. मग जाणारीला अडवते," असं म्हणून तिनं सतरंजी आणखी आत सारली.

पण सतरंजी मान्यताप्राप्त नव्हती. मुद्रितशोधकांनी ती उपसून काढली आणि घराला 'शून्य गळती' दर्जा मिळावा म्हणून रीतसर अर्ज करून उष्णता-गळती निरीक्षकांना पाचारण केलं.

निरीक्षक कॅमेरा घेऊन आले. गरम ते लाल दिसे, गार ते निळं. त्यांनी दार पाहिलं, खिडकी पाहिली, आणि खाटेपाशी येऊन ते थबकले.

"हा एवढा लाल गोळा कसला?"

"माझे वडील."

"अखंड उष्णता सोडताहेत."

"जिवंत आहेत ते," बायको म्हणाली.

"ते दिसतंच आहे, बाई. पण नियमात त्याला सूट नाही."

दारं-खिडक्यांच्या फटी चिकटपट्ट्यांनी बुजवण्यात आल्या. गळती थांबली, पण शेगडीचा धूर कोंडून तिघांच्याही डोळ्यांना धारा लागल्या. त्यावर निरीक्षकांनी भिंतीला वीतभर छिद्र पाडण्याचा आदेश दिला. त्या छिद्रातून पूर्वी दाराखालून जायची तिच्या दुप्पट ऊब जाऊ लागली.

"ही गळती नव्हे," निरीक्षकांनी खुलासा केला, "हे वायुवीजन आहे."

"पण आकडा तर वाढला!" मुद्रितशोधक कळवळून म्हणाले. एव्हाना गल्लीत त्यांच्या घराची चर्चा सुरू झाली होती, आणि माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं होतं.

निरीक्षकांनी चष्मा पुसला. "मूळ कारणाकडे चला. ऊब बाहेर का जाते? आत आणि बाहेर तापमानाचा फरक असतो म्हणून. हा फरकच मिटवला तर?"

मुद्रितशोधकांनी हे वाक्य उलटंसुलटं वाचून पाहिलं. त्यात एकही चूक सापडेना. त्यांनी शेगडी विझवली.

संध्याकाळपर्यंत घर रस्त्याइतकं गार झालं आणि गळतीचा आकडा शून्यावर आला. मुद्रितशोधकांनी टाळी वाजवली. बोटं बधिर असल्यामुळे तिचा आवाज झाला नाही.

"अरे," खाटेवरून वडील म्हणाले, "गळती थांबली म्हणतोस, मग माझं नाक का गळतंय?"

एवढं बोलून ते खोकू लागले, आणि बराच वेळ खोकतच राहिले. बायकोनं घरातली होती नव्हती ती पांघरुणं त्यांच्याभोवती गुंडाळली आणि त्यांना हाताला धरून उठवलं.

"चला बाबा, माझ्या बहिणीकडे. तिच्या घराला कसला दर्जा नाही की काही नाही, पण शेगडी पेटते."

"अगं, दार उघडू नकोस! ऊब जाईल!"

"कुठली ऊब?" तिनं विचारलं, आणि चिकटपट्ट्या टराटरा ओढून ती सासऱ्यांना घेऊन बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी मुद्रितशोधकांना आपल्या मागे उभं करून निरीक्षकांनी रिकाम्या घरावर कॅमेरा रोखला. या काठापासून त्या काठापर्यंत सगळं निळंशार. "मानवी गळतीसुद्धा नाही!" त्यांनी कॅमेरा छातीशी धरला. "असं घर मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं!"

घराला सर्वोच्च दर्जा मिळाला. सत्कार तिथंच झाला. सगळी गल्ली कोटाच्या गुंड्या लावून आत दाटीवाटीनं उभी होती. दात वाजत होते, आणि प्रत्येक "वा! वा!"बरोबर तोंडातून वाफ निघत होती. अखेरीस निरीक्षकांनी ठराव मांडला: हीच पद्धत गल्लीतल्या घराघरांत सक्तीनं लागू करावी.

"कोणाची हरकत असेल, तर हात वर करा."

मुद्रितशोधकांची नजर रिकाम्या खाटेकडे गेली. वडिलांचा खोकला थांबला असेल का? रात्री त्यांना झोप लागली असेल का? हात वर करावा, असं त्यांना वाटलं. पण हात काखेत होता, आणि तिथंच काय ती थोडी ऊब उरली होती. बाहेर काढला असता, तर तीही गेली असती. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी हात बाह्यांत ओढून घेतले होते, पलीकडच्या डॉक्टरांनी खिशात खोल घातले होते. ऊब कुठून कुठं जाते, हे आता सगळ्यांना नीट समजलं होतं.

ठराव एकमतानं मंजूर झाला.

या मंडळींना तुम्ही हसला असाल, तर ते योग्यच आहे. फक्त एवढं सांगा, या क्षणी तुमचे स्वतःचे हात कुठं आहेत?