भिंतीला टेकू नये

घराण्याची किंमत पूर्वी दारातल्या बैलांवरून ठरायची. मग ती शिक्षणावरून ठरू लागली आणि आता भिंतीच्या फिनिशवरून ठरते. ही प्रगतीच म्हणायची. बैलाला कडबा लागतो, शिक्षणाला अक्कल लागते, फिनिशला फक्त एक पेंटर लागतो.

अज्ञ वाचकांसाठी थोडी शास्त्रीय माहिती. फिनिश मुख्यतः तीन. चकचकीत फिनिशवरचा डाग पुसता येतो, पण गवंड्यानं प्लास्टरमध्ये केलेले सगळे उद्योग ट्यूबच्या उजेडात चव्हाट्यावर येतात. मॅटमध्ये गवंड्याचे उद्योग झाकतात, पण घरच्यांचे दिसतात. मधलं एक सॅटिन असतं, त्यात दोन्ही थोडे थोडे दिसतात. दुकानदार ते सगळ्यांना सुचवतो आणि स्वतःच्या घरी चुना मारतो.

जिंतुरात आमच्या शेजारी माणिकराव मास्तर राहतात. त्यांच्या मुलाचं, परमेश्वरचं, लग्न जमत आलं होतं. मुलीचे वडील भागवतराव, देवगाव फाट्याचे. मुलगा त्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिला होता, पसंत होता, आता ते घर पाहायला येणार होते. हल्ली आमच्याकडं हाच मुख्य विधी आहे. पाहुणे चहा घेता घेता भिंतीवरून एक बोट फिरवतात आणि बोटाकडं बघतात. बोटाला पांढरं लागलं की सोयरीक मोडली समजावं. (चुन्यापायी आमच्या गल्लीतली दोन पोरं अजून बिनलग्नाची आहेत. त्यातला एक दारू पितो, पण ते कारण गौण.)

म्हणून रंगनिवड समिती नेमण्यात आली. सदस्य : माणिकराव, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, फोनवरून परमेश्वर, जीवन पेंटर, आणि तज्ज्ञ म्हणून मी (मी एकदा माझ्या गेटला स्वतः रंग दिला आहे). शेडकार्डवर चहा सांडला, तो डागही काही काळ एक छटा म्हणून विचाराधीन होता. अखेर एकमतानं ठरलं की बैठकीला मोतिया मॅट, सागवानी सोफ्याला आरशासारखं पॉलिश आणि स्वयंपाकघराला जे उरेल ते. स्वयंपाकघरात पाहुणे जात नाहीत, फक्त बायका जातात.

अडचण एकच निघाली. किशनराव.

किशनराव म्हणजे माणिकरावांचे वडील. ऐंशीच्या घरात. रोज डोक्याला करडीचं तेल चोपडून, जेवण झालं की ते बैठकीतल्या खिडकीखाली सतरंजीवर बसायचे आणि डोकं भिंतीला टेकायचे. घर बांधल्यापासून तीच जागा. कुणी आलं की म्हणायचे, "या, टेका." टेकल्याशिवाय आलेला माणूस त्यांच्या हिशेबी आलेलाच नसायचा. एवढ्या वर्षांत त्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला परातीएवढा काळपट गोल तयार झाला होता. त्याच्या शेजारी, थोडा खाली, एक लहान गोल होता. तो दगडाबाईंचा, म्हणजे किशनरावांच्या बायकोचा. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. समितीनं दोन्ही डागांची एकत्रित नोंद घेतली.

जीवननं भिंत घासली, सोड्यानं धुतली, पुट्टी भरली, प्रायमर मारला. लहान गोल पहिल्याच दिवशी गेला, वाळलेला होता. मोठा मात्र दर वेळी नव्या रंगातून वर यायचा. जीवन म्हणाला, "मास्तर, करडीचं तेल लय चिवट. भिंत पेलीय ते."

किशनराव दारात उभे राहून बघत होते. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते लपवायची कला त्यांना अवगत नव्हती. म्हणाले, "जीवन, माझा जाऊ दे. तिचा बी घासला का रं?"

"दोनी एकाच भावात घासलेत आबा," जीवननं खुलासा केला. खुलासा समाधानकारक असल्यानं विषय तिथंच संपला.

पाचव्या हाताला मोठा गोलही एकदाचा दबला. रंग वाळला. भिंत अशी झाली की बघणाऱ्यानं चप्पल आपोआप काढावी. मग तिच्या संरक्षणासाठी नियम आले. भिंतीपासून एक हात अंतर राखावे. बटण बोटानं न दाबता पेनाच्या मागच्या टोकानं दाबावे. सोफ्यावर बसताना हात मांडीवर ठेवावेत, कारण पॉलिशवर बोटं उठतात. उठताना कशालाही धरू नये. ज्यांना धरल्याशिवाय उठता येत नाही त्यांनी बसू नये. (हा शेवटचा नियम सर्वांसाठी समान होता. लागू मात्र एकालाच झाला.)

"आबा, भिंतीला टेकू नका आता. सरळ बसा," माणिकराव म्हणाले.

"ऐंशी वर्साच्या माणसानं सरळ बसायचं व्हय? आन् भिंतीनं आराम करायचा?"

"तसं न्हाई आबा. पोराच्या लग्नाचा सवाल हाय."

"मग मी कुठं टेकू ते तरी सांग बाबा."

हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा होता. तरीही सहानुभूतीनं विचार होऊन त्यांच्यासाठी बाहेर लिंबाखाली एक प्लास्टिकची खुर्ची मंजूर झाली. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "मामंजी, बाहेर हवा लय चांगली हाय." ती खरंच चांगली होती. आत पंखासुद्धा हळू ठेवला होता, धूळ उडू नये म्हणून.

पाहुणे आले. जीपमधून उतरताना भागवतरावांनी लिंबाखालच्या म्हाताऱ्यालाच विचारलं, "बाबा, माणिकराव मास्तरचं घर कोणतं?"

"हेच. जा मधी," किशनराव म्हणाले. "पण टेकू नका."

आत पाहुणे ताठ बसले. फोटो काढायला बसवल्यासारखे. चहा झाला. भागवतराव उठले, भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं. बोट कोरं. चेहरा खुलला. मग त्यांनी हळूच विचारलं, "घरात म्हातारं माणूस हाय म्हनून ऐकलं होतं?"

माणिकराव घसा खाकरून म्हणाले, "हाय की. बाहीर बसलेत. हवा लागती त्यांना."

भागवतराव खिडकीशी गेले. बाहेर लिंब, खुर्ची आणि तिच्यात कलंडलेले किशनराव. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, गेली सोयरीक. खरं सांगतो, मला थोडं बरंही वाटलं. आता हा माणूस बोलणार, आणि जे आम्ही कुणी बोललो नाही ते बोलणार.

भागवतराव वळले आणि माणिकरावांना म्हणाले, "कसं जमवलंव हो तुमी हे? आमची आई तर ऐकतच न्हाई."

सोयरीक तिथंच ठरली. साखरपुड्याच्या आधी जीवन देवगाव फाट्याला मापं घ्यायला जाऊनही आला.

प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ बुटकी असते, डोकं अधांतरी राहतं. म्हणून किशनराव हल्ली दुपारी माझ्या ओट्यावर येतात आणि माझ्या भिंतीला टेकतात. "तुमची भिंत बरी हाय," म्हणतात. "खरबरीत हाय. डोकं ऱ्हातं." परवा त्यांनी शेजारची जागा हातानं झाडली आणि मला म्हणाले, "या, टेका." मी टेकलो. घरमालक मी, पण बोलावलं त्यांनी, आणि मला ते आवडलं. भिंतीवर गोल धरायला लागलाय, अजून वाटीएवढाच आहे.

माझ्या मुलाला तो दिसला. त्यानं मला न विचारता जीवनला बोलावलं. शेजारधर्म म्हणून मी किशनरावांची बाजू मांडणार होतो, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, ओट्याबरोबर बैठक पण करून घेऊ. तुमच्या खुर्चीमागं बी काळं पडलंय."

मी मागं वळून पाहिलं नाही. आम्ही तज्ज्ञ आहोत, आम्हाला न पाहताही अंदाज येतो.

तुम्ही हे भिंतीला टेकून वाचत असाल, तर टेकूनच वाचा, सावकाश वाचा. पुढच्या वेळी रंग तुमची मुलं निवडणार आहेत.