काकूंच्या चेहऱ्यावरचे चौकोन

चांगली वस्तू दोनच कारणांनी बिघडते. एक तर तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, किंवा सगळेच देतात. पहिल्या प्रकारावर इलाज आहे. दुसऱ्या प्रकाराला कार्यकारिणी म्हणतात.

जर्मनीतल्या गार्चिंगच्या अक्षरबाग मंडळाला अशी सात जणांची कार्यकारिणी होती आणि नागेश तिचा अध्यक्ष होता. मोटारींचे ब्रेक तपासणाऱ्या या इंजिनियरला कोणतीही गोष्ट वेळेवर थांबवता येत असे (मंडळाच्या सभा वगळून). २०१४च्या नोव्हेंबरात त्याच्यापुढे एक नाजूक काम आले. मंडळाच्या पोरांना दर रविवारी बाराखडी शिकवणाऱ्या शोभनाकाकू कायमच्या साताऱ्याला परत निघाल्या होत्या. नागेशची लेक शिवांगी घरात मराठी ऐकायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. पण काकूंच्या हाताखाली वर्षभर बसल्यावर तिने आजीला स्वतःच्या अक्षरात मराठी पत्र लिहिले होते. तेव्हापासून काकूंचे ऋण नागेशच्या मनात होते. निरोपाला द्यायचा समूहफोटो, चांगला मोठा, चौकटीतला, उत्तमच व्हायला हवा, अशी त्याची मनापासून इच्छा होती. (मनापासूनच्या इच्छेचे काय होते, ते पुढे येईलच.)

फोटो मंडळातल्या हौशी छायाचित्रकार ऊर्मिलाने काढला, तोही रॉ. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने जे पाहिले ते सगळे, जसेच्या तसे. ही फाइल अवजड असते, म्हणून तिची जेपेग करतात. डोळ्याला जाणवणार नाही एवढेच बेताने गाळून टाकतात. आजी सबंध गोष्ट सांगते आणि नातू ती मित्राला थोडक्यात सांगतो, तसे. गोष्ट कळते. पण त्या मित्राने पुढे आणखी थोडक्यात सांगितली, त्याच्या मित्राने त्याहून थोडक्यात, की शेवटी राजाला राणी उरत नाही. जेपेग उघडून पुन्हा पुन्हा जतन केली की हेच होते. लहान मुलाला हे एका फटक्यात समजते. कार्यकारिणीत मात्र सगळेच मोठे होते.

गुरुवारी छपाईच्या दुकानातून नमुना आला. काकूंच्या चेहऱ्यावर चौकोन होते. गाल म्हणजे बुद्धिबळाचा पट, नाक दोन घरांत वाटून दिलेले, नथ बेपत्ता. मागच्या तोरणाला गढूळ कडा सुटल्या होत्या, जणू कोणी ते डाळीच्या पाण्यातून काढले होते. निरोपसमारंभ रविवारी होता.

नागेशने तातडीने चित्रदोष शोध उपसमिती नेमली (तेच सात जण, उपसमितीत खुर्च्या गोल मांडतात, एवढाच फरक). संशयित असे ठरले: कॅमेरा, भिंग, बव्हेरियातला नोव्हेंबरचा उजेड, छपाईवाला, आणि 'काकू हलल्या असाव्यात'. शेवटच्या मुद्द्याला सत्तावन्न टक्के पाठिंबा मिळाला. उरलेले टक्के चहा आणायला गेले होते.

अखेर नागेशने ऊर्मिलाला फोन लावला.

"ऊर्मिला, तू क्लिक करतानाच काहीतरी..."

"नागेशदादा, मी पाठवला तेव्हा काकूंची नथ मोत्यांसकट दिसत होती."

"मग मध्ये काय झालं?"

"मध्ये तुम्ही सगळे झालात."

हे मात्र खरे होते. फोटो 'मंजुरीसाठी' सातही जणांकडे एकामागून एक फिरला होता. वासुदेवने टकलावरची चकाकी उतरवून जतन केला. सुधाताईंनी आपल्या साडीचा रंग खुलवून जतन केला. रमेशने पोट आत घेतले (संगणकावर, इतरत्र ते अजून जमलेले नाही). नागेशने स्वतःला थोडे उजळ केले. ईमेलवर भार नको म्हणून प्रत्येकाने दर्जाची कळ शंभरावरून दहावर ओढली. काटकसर ही हाडातच असते. प्रत्येकाने आपापला चेहरा मोठा करून पाहिला आणि तो समाधानकारक आढळला. काकू बसल्या होत्या मधोमध, मंडळाच्या फलकाच्या सावलीत, आणि गाळणारा प्रोग्राम सावलीला आधी हात घालतो. शिवाय काकू कार्यकारिणीत नव्हत्या. त्यामुळे त्यांचा चेहरा मोठा करून पाहणे कोणाच्याच कार्यकक्षेत येत नव्हते.

"रॉ आहे ना अजून?" नागेशने विचारले.

"आहे ना. पुन्हा जेपेग करून देते, एकदाच, पूर्ण दर्जाची. पण दादा, आता कोणाचा हात नको."

"गेनाऊ! अगदी बरोबर, कोणाचाही नको."

नागेश शब्दाला जागला. शुक्रवारी नवी फाइल आली, ती त्याने कोणालाही पाठवली नाही. एकट्यानेच उघडली. नथ जागेवर होती. काकूंच्या डोळ्यांच्या कडेच्या हसऱ्या सुरकुत्यासुद्धा दिसत होत्या, आणि त्यांची नजर कॅमेऱ्याकडे नव्हतीच, पायाशी बसलेल्या पोरांवर होती. नागेशला अगदी भरून आले.

मग, फाइल सगळीकडे नीट आली आहे ना एवढेच पाहायला, त्याने स्वतःचा चेहरा मोठा केला.

डोळ्यांखाली काळे होते. माणूस वर्षभर मंडळासाठी राबला की एवढे व्हायचेच. त्याने उजेडाची कळ किंचित सरकवली आणि जतन केले. (दर्जा विचारण्यात प्रोग्रामने वेळ दवडला नाही, मागच्या खेपेचा दहा त्याच्या लक्षात होता.) फाइल तशीच दुकानात गेली. नियम मोडला नव्हता. अध्यक्षाचा हात हा हात म्हणून मोजत नाहीत.

रविवारी टाळ्यांच्या गजरात चौकटीवरचा कागद फाडला गेला. पहिली ओरडली शिवांगी, "पापा लॉइश्टेट!" (म्हणजे, पापा चमकतोय.)

काकूंनी चष्मा पुसला. फोटो लांब धरला, मग जवळ धरला. आणि अडलेल्या पोराला अक्षर विचारावे तशा मायेने, सावकाश विचारले, "नागेश, तू किती छान आला आहेस रे! आणि ही मधोमध बसलेली कोण?"

नागेश म्हणाला, "म्हणजे... काकू..." आणि मोटारींचे ब्रेक जाणणारा तो माणूस तिथेच थांबला.

वाचकांनी यावर हसायला काहीच हरकत नाही. फक्त त्याआधी आपल्या फोनमधला शेवटचा समूहफोटो उघडावा, आणि दोन बोटे पहिल्यांदा कोणाच्या चेहऱ्यावर ताणली होती ते आठवून पाहावे. मधोमध कोण बसले होते, ते सावकाश सांगितले तरी चालेल.