काकाजींची उरलेली खिडकी

आमच्या पटले काकाजींना चहाला बोलावलं तर ते लगेच बसत नाहीत. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढतात, पिशवीतून ओलं फडकं काढतात आणि तुमच्या घरची खिडकी पुसतात. फडक्यावर काय आलं ते उजेडात धरून बघतात. मग खुर्ची. माझ्या धाकटीला पाहायला इथल्याच जवळच्या गोरेगावचे पाहुणे आले होते, तेव्हाही त्यांनी मुलाच्या वडिलांना "सरका जी जरासे" म्हणून उठवलं आणि त्यांच्या पाठीमागची खिडकी पुसून घेतली. सोयरीक जमली, पण तो खिडकीवाला माणूस तुमचा कोण, असं व्याही अजून विचारतात.

कोण म्हणजे शेजारी. आमच्या दोघांत एक भिंत, आणि तीही अशी की तिकडे ते शिंकले की इकडे शिलाई मशीनवर माझा पाय थांबतो. आमगावला रुळांच्या कडेला जुन्या राइस मिलच्या मजुरांच्या खोल्या आहेत, एका ओळीत. तिला सगळे लाइनच म्हणतात. मिल कधीच बंद पडली, खोल्या राहिल्या आणि आम्हीही राहिलो. काकाजी त्या मिलमध्ये काट्यावर धान मोजायचे. मी या लाइनीत सून म्हणून आले तेव्हापासून मला सुनबाई म्हणतात. आता मी स्वतः सासू झाले, नात खेळवते, तरी त्यांच्याकडून मला बढती मिळालेली नाही.

या फडक्याच्या आधी त्यांना पाढ्यांचं वेड होतं. लाइनीतलं कोणतंही पोर दिसलं की शर्टाची कॉलर धरून विचारायचे, "एकोनीस साते किती?" पोरं शाळेतून येताना नाल्याकडून वळसा घालून यायची. "पाढे आले तं मानूस कोठी बी पोट भरते," हे त्यांचं सांगणं. तापानं फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसूनही त्यांनी तेराचा म्हणून घेतला आहे.

मग एक दिवस अंगणवाडीत बैठक झाली. आमच्या अंगणवाडीच्या मेश्राम बाई आणि शहरातून आलेल्या दोन डॉक्टर मुली. त्यांनी लेकरांच्या बोटाला टोचून रक्त नेलं होतं, त्याचं काय निघालं ते सांगायला आल्या होत्या. आम्ही बाया गेलो त्या चहा आणि केळी मिळणार म्हणून. निघालं ते असं की लाइनीतल्या काही लेकरांच्या रक्तात शिसं होतं. त्यात माझी नात परीही होती. जुन्या ऑइलपेंटात शिसं असायचं म्हणे. आमच्या खिडक्यांवर मिलच्या काळापासून दर दिवाळीला रंगावर रंग चढलेला. खिडक्या बुटक्या, खाली रुंद फळी. लेकरू उभं राहायला शिकलं की त्या फळीला धरतं, गाडी बघतं आणि दात शिवशिवले की फळी चावतं. माझाही पोरगा लहानपणी सांगायचा, खिडकी गोड लागते. आम्ही हसायचो.

काकाजी मागे उभे होते. शेवटी त्यांनी हात वर केला. "डाक्टरीनबाई, त्याच्यानं पाढे येत नाईत का जी?"

सगळी अंगणवाडी हसली. ती मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, हो काका, शिकण्यावर परिणाम होऊ शकतो. लक्ष लागत नाही, पाठ केलेलं राहत नाही. काकाजी खाली बसले. त्या दिवसापासून त्यांनी एकाही पोराला पाढा विचारला नाही. मला वाटलं, म्हातारपणी माणसाचं एक खूळ जातं आणि दुसरं येतं.

दुसरं आलं ते जोरात. बचत गटाच्या बायांनी ठरवलं, सगळ्या खिडक्यांचा रंग काढायचा. मेश्राम बाईंनी लेकरांना दिवसभर अंगणवाडीत ठेवायचं, डॉक्टर मुलींनी मास्क आणि अंथरायला प्लास्टिक द्यायचं, रफिक पेंटरनं कसं घासायचं ते दाखवायचं. काकाजींना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते झारी घेऊन आले. कोरडं घासलं की धूळ उडते आणि लेकरांच्या पोटात जाते, एवढं त्यांनी बैठकीत ऐकलं होतं. झालं, कुणी रंग खरवडायची पत्री हातात घेतली की "पयले पानी मार!" रफिकभाई शेवटी वैतागला. "चाचा, बस करो. खिडकी है, नहाने नहीं बैठी."

ज्या खिडक्या कुजल्या होत्या त्या काढून टाकल्या. थंडी सुरू झालेली. आंघोळीच्या पाण्याखाली जाळायला आयतं लाकूड मिळालं म्हणून बायांच्या नजरा त्या ढिगाकडे. पण रंगाचं लाकूड जाळलं तर धुरातून तेच शिसं. म्हणून लाकूड न्यायला गाडी येईपर्यंत काकाजी घोंगडी पांघरून ढिगावर बसून राहिले. चहा तिथेच, जेवण तिथेच. बाया येता-जाता म्हणायच्या, "काकाजी, अंडे देऊन राहिले का?"

लाइन स्वच्छ झाली. एक खिडकी उरली, ती काकाजींची स्वतःची. हिरवट रंगाच्या खपल्या लोंबत होत्या तशाच. विचारलं तर म्हणायचे, "माया घरी लेकरू कोन हाये? कोनाच्या पोटात जाते?" एकटा माणूस, त्याची खिडकी.

मग परीची दुसरी तपासणी झाली. शिसं उतरलं नव्हतं, उलट जरा चढलंच होतं. मेश्राम बाई माझ्या घरी आल्या. आमची खिडकी पाहिली, फरशी पाहिली, हंडा पाहिला. सगळं ठीक. मग विचारलं, पोर दिवसभर असते कुठं?

मी शिलाईला बसले की परी काकाजींकडेच असायची, आणि "लेकरू कोन हाये" ऐकताना मलाही ते आठवलं नव्हतं. ते तिचे हात धुवायचे, ओल्या चटईवर बसवायचे, खिडकीजवळ जाऊ द्यायचे नाहीत. पण दुपारी म्हाताऱ्याचा डोळा लागायचा, आणि गाडीचा भोंगा झाला की परी फळीला धरून उभी राहायची.

मी जाऊन सांगितलं. रागानं सांगितलं. "साऱ्या लाइनीले पानी मारत फिरता, आन् आपल्याच घरी काऊन नाई मारत जी?"

ते उठले, मला खिडकीजवळ नेलं आणि फळीवर बोट ठेवलं. रंगात बारीक बारीक खाचा होत्या, अर्धगोल.

"सुमीचे दात हायेत, सुनबाई."

सुमी त्यांची एकुलती पोरगी. आई लवकर गेली. ती खिडकीत उभी राहून मोठी झाली. मला आठवतं, मी नवीन होते, रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून पाढे यायचे. सुमी अडायची. मग चापट. मग रडणं. मग पुन्हा पहिल्यापासून. पाचवीत तिनं शाळा सोडली. लग्न होऊन कोहमाऱ्याला गेली, नवऱ्याबरोबर धाब्यावर रोट्या लाटते. वर्षानुवर्षं इकडे फिरकत नाही. तसं कोहमारा काही परदेशात नाही.

"मी म्हनत होतो, पोरगी आलशी हाये, मुद्दाम करून राहिली," काकाजी म्हणाले. "डाक्टरीनबाईले विचारलं म्या. म्हने, आता सांगता येत नाई. असंल बी, नसंल बी."

मला फार वाईट वाटलं. रागाचं काय करावं ते कळेना.

रफिकभाईला बोलावू का म्हटलं, तर नको म्हणाले. परीला माझ्या कडेवर दिलं, दार लावून घेतलं. पलीकडून आधी पाण्याचा आवाज आला, मग पत्रीचा. दुपारभर चालला होता, मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. परीचं शिसं पुढच्या तपासणीत उतरलं, ते इथंच सांगून टाकते.

दिवेलागणीला पत्रीचा आवाज बंद झाला आणि फोनचा आला. काकाजींना कमी ऐकू येतं, फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे मला कान लावावा लागला नाही.

"सुमे, बाबा बोलून राहिलो. आयक. ते पाढे येत नव्हते नं तुले... त्यात तुयी चूक नव्हती व."

पलीकडे धाब्यावरच्या ट्रकांची घरघर.

"मले आता बी नाई येत, बाबा," सुमी म्हणाली.

"राहू दे," काकाजी म्हणाले. "राहू दे व माय."

मग सुमीनं विचारलं, जेवले का. ते जेवलो म्हणाले. सकाळपासून त्यांच्याकडे भांड्याचा आवाज झालेला नव्हता. मी ताट वाढायला उठले.