अच्युतराव अस्वल आणि कोल्हे सरांचा चित्रकला वर्ग

मुलांनो, चुळबुळ नको. मांडी घालून बसा आणि ऐका. एका जंगलात अच्युतराव नावाचे एक अस्वल राहायचे.

जन्मभर त्यांनी मधाची पोळी काढली. आता गुडघे गेले, झाडावर चढणं सुटलं. मग दिवसभर गुहेत बसून ते बायकोच्या, म्हणजे सुंदराबाईंच्या कामात नाक खुपसायचे. "कंद असे नाही खणत, असे खणतात!" सुंदराबाई अगदी कावून गेल्या.

शेवटी अच्युतरावांनी जलरंगी पेन्सिली आणल्या. आधी कोरडं रंगवायचं, मग वरून ओला ब्रश फिरवायचा, की रंग विरघळून पसरतो. अच्युतरावांचा जीवच अडकला हो त्यात!

"छंदाला माझी ना नाही," सुंदराबाई म्हणाल्या. "पण पुनवेला माझी बहीण येतेय. तिला ओळखू येईल असं माझं एक चित्र काढून दाखवा. नाहीतर त्या पेन्सिली ओढ्यात!"

अच्युतराव घाबरले आणि तडक कोल्हे सरांच्या वर्गात गेले. तिथे सर नुसतं टोक काढायला शिकवायचे.

"सर, पाणी कधी लावायचं?"

"पाणी? इतक्यात? आधी टोकाला न्याय द्या!"

खरं सांगू का, मुलांनो? सरांनी स्वतः कधी ब्रश ओला केलाच नव्हता. पण हे कुणाला सांगू नका, सर अजून शिकवतात.

एकदा अच्युतराव घरी सुंदराबाईंचं चित्र रंगवत होते. छातीवरचा पट्टा त्यांनी पिवळा केला, अगदी मधासारखा. आणि जन्माची सवय ती! जीभ आपोआप बाहेर आली आणि कागदावरून फिरली. रंग असा काही फुलला म्हणता! मग अच्युतरावांनी अख्ख्या सुंदराबाई चाटून काढल्या. चित्रातल्या, हं.

"अगंबाई, ही तर मीच!" सुंदराबाई चक्क लाजल्या.

अच्युतराव नाचतच चित्र घेऊन सरांकडे गेले. सरांनी ते नीट न्याहाळलं, खाली स्वतःची सही ठोकली आणि नमुना म्हणून ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्गावर पाटी लागली, 'चाटचित्रकला. शोध लावणारे : कोल्हे सर'. हरणं, डुकरं, ससे, सगळे निळ्याहिरव्या जिभा काढून बसले. अच्युतरावही गेले.

"तुमची जीभ चुकीची फिरते," सर म्हणाले. "डावीकडून उजवीकडे, आणि चव न घेता! पुन्हा पहिलीत बसा."

आणि बसले की हो! खुद्द सर सांगतायत म्हटल्यावर काय करणार बिचारे?

पुनवेला बहीण आली. अच्युतरावांनी नियमानुसार चाटलेलं नवं चित्र तिच्यापुढे ठेवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण डुकराला एवढे केस कशाला?"

सुंदराबाईंनी शब्द पाळला. पेन्सिली ओढ्यात गेल्या आणि ओढा रंगीत झाला. अच्युतराव काठावर बसून ढसाढसा रडले.

तेवढ्यात त्यांच्या खांद्यावर एक पंजा पडला. मागे कोल्हे सर उभे होते. त्यांची नजर ओढ्यावर खिळली होती.

"अच्युतराव, उद्यापासून नवा वर्ग. प्रवाही चित्रकला! लवकर या, पहिली रांग रिकामी आहे."

अच्युतरावांनी डोळे पुसले.

"किती वाजता, सर?"

तात्पर्य : शिकायला वयाची अट नसते. शिकवायला तर शिकण्याचीही नसते.